दोन सावल्यांचा मेळ : हवामान आणि किडी यांचे नाते एकत्र वाचण्याची गरज

कपाशीवरील किडींच्या कोणत्याही हंगामी अहवालात एक तक्ता हमखास आढळतो. डाव्या बाजूस हवामानाचे घटक असतात : कमाल तापमान, किमान तापमान, सकाळची आर्द्रता, दुपारची आर्द्रता, पाऊस, सूर्यप्रकाशाचे तास आणि वाऱ्याचा वेग. वरच्या ओळीत मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी ही रसशोषक किडींची नावे असतात. सात घटक आणि चार किडी मिळून अठ्ठावीस घरे होतात. प्रत्येक घरात एक सहसंबंध गुणांक आणि काही घरांत गुणांकाच्या डोक्यावर एक तारा किंवा दोन तारे. वाचणाऱ्याची नजर ताऱ्यांवर जाते, आणि अहवालाचा निष्कर्षही ताऱ्यांवरूनच लिहिला जातो : ‘तुडतुड्यांचा किमान तापमानाशी धन सहसंबंध आढळला, फुलकिड्यांचा पावसाशी ऋण सहसंबंध आढळला.’

हे वाक्य पुढे सल्ल्यात जाते आणि सल्ला शेतापर्यंत पोहोचतो. ‘किमान तापमानात वाढ झाल्याने तुडतुड्यांचा प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता’ असा संदेश वाचून एखादा शेतकरी पाने उलटून पाहण्याऐवजी पंप पाठीवर घेतो. अनावश्यक फवारणीचा हिशेब केवळ औषधाच्या बिलात मावत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. कोणत्याही एका तक्त्याला त्या दुर्घटनेसाठी जबाबदार धरता येणार नाही. परंतु फवारणीला कारण पुरवणारे प्रत्येक विधान किती काळजीने केले पाहिजे, हे मात्र त्यातून कळते.

अठ्ठावीस घरांचा तक्ता ही काळजी घेत नाही. हवामान घटकाघटकाने शेतात येत नाही आणि किडीही एकएकट्या येत नाहीत. ढग आले की ऊन कमी होते, आर्द्रता वाढते, कमाल तापमान उतरते आणि अनेकदा पाऊस पडतो. हे सर्व एकाच वेळी घडते. त्याच वेळी पानाच्या खालच्या बाजूस एका किडीची संख्या वाढते आणि दुसरीची घटते. प्रश्न एका जथ्याचा दुसऱ्या जथ्याशी असलेल्या नात्याचा आहे. अशा प्रश्नासाठी संख्याशास्त्रात एक जुनी, उत्तम पद्धत उपलब्ध आहे. तिचे नाव कॅनॉनिकल सहसंबंध विश्लेषण. नाव अवघड आहे, पण कल्पना डोळ्यांनी पाहता येण्याजोगी आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रयोगशील शेतकऱ्यांनी ती समजून घ्यावी आणि संशोधकांनी ती समजेल अशा रीतीने मांडावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटण्याजोगी कारणे आहेत.

तक्ता कोठे फसवतो

पहिला दोष साध्या गणिताचा आहे. पाच टक्के पातळीचा तारा म्हणजे प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना शंभरातील पाच वेळा केवळ योगायोगाने मिळणारा तारा. अठ्ठावीस घरे असतील तर हवामान आणि किडी यांचा काडीचाही संबंध नसला तरी सरासरी १.४ घरांत तारा उमटेल. घरे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर किमान एक खोटा तारा मिळण्याची शक्यता ७६ टक्के भरते. तारा मिळालेले घर अहवालात येते. उरलेल्या सत्तावीस घरांची आठवण कोणी ठेवत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तेथे खरा संबंध हातातून निसटतो. समजा, एखादी कीड दमट पण पाऊस नसलेल्या आठवड्यांत वाढते. ओलावा तिला मानवतो आणि पावसाचे थेंब तिला पानावरून धुऊन टाकतात. आर्द्रता आणि पाऊस एकाच मापावर आणले, तर या किडीची संख्या ‘आर्द्रता वजा पाऊस’ या आकड्याबरोबर तंतोतंत चालते असे मानू. आता पाऊस आणि आर्द्रता बहुधा बरोबरच येतात. त्यांचा परस्पर सहसंबंध ०.९ आहे असे समजू. अशा स्थितीत तक्त्यात काय दिसेल? आर्द्रतेसमोर ०.२२ आणि पावसासमोर उणे ०.२२. वीस आठवड्यांच्या नोंदींत तारा मिळण्यासाठी सुमारे ०.४४ गुणांक लागतो, म्हणून दोन्ही घरे ताऱ्याविना राहतील. अहवाल लिहील की या किडीवर आर्द्रतेचा आणि पावसाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. वास्तविक या दोन घटकांनीच किडीची संख्या पूर्णपणे ठरवलेली आहे.

बांधावरून दिसणाऱ्या ओळी

हे कसे घडते, ते आलेखाच्या कागदावर पाहता येते. आडव्या रेषेवर आर्द्रता आणि उभ्या रेषेवर पाऊस घेऊन प्रत्येक आठवड्यासाठी एक ठिपका द्यावा. दोन्ही बरोबर वाढत असल्याने वीस ठिपक्यांचा एक अरुंद, तिरका पट्टा तयार होईल. कीड अधिक असलेल्या आठवड्यांचे ठिपके लाल आणि कमी असलेल्या आठवड्यांचे निळे करावेत. लाल ठिपके पट्ट्याच्या खालच्या कडेला लागतील, निळे वरच्या कडेला. आता कागदाकडे खालच्या बाजूने पाहिले, म्हणजे केवळ आर्द्रता लक्षात घेतली, तर लाल-निळे मिसळलेले दिसतात. उजव्या बाजूने पाहिले, म्हणजे केवळ पाऊस लक्षात घेतला, तरी तोच घोळ. परंतु कागद डोळ्यांच्या पातळीवर धरून पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने पाहिले, की लाल ठिपके एका बाजूस आणि निळे दुसऱ्या बाजूस स्वच्छ वेगळे होतात.

चौफुलीवर लावलेल्या कपाशीच्या शेताजवळून एसटीने जाणाऱ्या कोणालाही हा अनुभव असतो. बहुतेक कोनांतून झाडे विखुरलेली वाटतात आणि एखाद्या क्षणी अचानक सर्व झाडे सरळ ओळींत उभी राहतात. झाडे जागची हललेली नसतात. पाहणाऱ्याची जागा योग्य झालेली असते. अठ्ठावीस घरांचा तक्ता शेताकडे ठरावीक जागांवरून, एका वेळी एकाच घटकाच्या दिशेने पाहतो. कॅनॉनिकल विश्लेषण उभे राहण्याची योग्य जागा शोधते.

वरील उदाहरणात कीड एकच होती. प्रत्यक्षात किडींचाही जथा असतो आणि त्याच्याकडे पाहण्याचीही योग्य जागा शोधावी लागते. पिकाचे वय वाढते तसे तुडतुडे आणि फुलकिडे दोन्ही वाढताना दिसू शकतात. परंतु पावसाने ओढ दिली की फुलकिडे पुढे जातात आणि ढगाळ, दमट दिवसांत तुडतुडे. अशा वेळी हवामानाची खूण एकट्या तुडतुड्यांच्या किंवा एकट्या फुलकिड्यांच्या संख्येत पुसट राहते आणि दोहोंच्या फरकात ठळक होते. हा फरक पाहण्यासाठी तक्त्यात स्तंभच नसतो.

दोन खोल्या, दोन दिवे

आता दोन अंधाऱ्या खोल्या डोळ्यांसमोर आणाव्यात. पहिल्या खोलीत हवामानाचे मणी दोऱ्यांनी टांगलेले आहेत. प्रत्येक मणी म्हणजे एक आठवडा, आणि त्याची जागा त्या आठवड्याच्या तापमान, आर्द्रता व पावसाने ठरलेली आहे. दुसऱ्या खोलीत त्याच क्रमांकांचे मणी आहेत, पण त्यांच्या जागा त्या त्या आठवड्यातील किडींच्या संख्येने ठरल्या आहेत. दोन्ही खोल्यांत एकेक दिवा आहे. दिवा लावला की मण्यांच्या सावल्या समोरच्या एका लांब, अरुंद पट्टीवर पडतात आणि प्रत्येक आठवड्याला पट्टीवर एक जागा मिळते.

दिव्यांच्या दिशा बदलल्या की सावल्यांच्या जागा बदलतात. दोन्ही दिवे असे फिरवायचे, की दोन पट्ट्यांवरील जागांचा मेळ अधिकात अधिक बसावा : जो आठवडा पहिल्या पट्टीच्या उजव्या टोकाला, तो दुसरीच्याही उजव्या टोकाला, जो पहिलीच्या मध्यावर, तो दुसरीच्याही मध्यावर. सर्वोत्तम मेळ बसला की थांबायचे. त्या स्थितीत दोन पट्ट्यांमधील सहसंबंध म्हणजे पहिला कॅनॉनिकल सहसंबंध. दिव्यांच्या दिशा म्हणजे प्रत्येक घटकाला आणि प्रत्येक किडीला दिलेले भार. त्यानंतर दिवे पुन्हा फिरवायचे, पण नव्या सावल्यांचा पहिल्या सावल्यांशी काहीही संबंध नसावा अशी अट घालून दुसरी जोडी शोधायची. चार किडी असतील तर अशा जास्तीत जास्त चार जोड्या मिळतात. बहुधा पहिल्या एक-दोनच अर्थपूर्ण असतात.

अनेकांना परिचित असलेले मुख्य घटक विश्लेषण याहून वेगळे आहे. त्यात खोली एकच असते आणि सर्वांत लांब सावली शोधली जाते. येथे सावलीच्या लांबीला महत्त्व नाही, दोन सावल्यांच्या मेळाला आहे. म्हणूनच पाऊस मिलिमीटरऐवजी इंचांत मोजला तरी कॅनॉनिकल सहसंबंध बदलत नाही.

हे साधण्यासाठी गणित आधी एक पूर्वतयारी करते. प्रत्येक खोलीतील मण्यांचा पुंजका जेथे अरुंद असेल तेथे ताणून, जेथे लांबट असेल तेथे दाबून, तो लाडवासारखा सर्व बाजूंनी सारखा गोल केला जातो. मग राहते ते फक्त दोन गोलांना फिरवून त्यांचा मेळ बसवणे. आलेखाच्या कागदावरील तो अरुंद तिरका पट्टाही असाच आडवा ताणला जातो, आणि त्यामुळे त्याच्या दोन कडांमधील लहानसा फरक डोळ्यांत भरतो. पद्धतीचे सारे बळ या ताणण्यात आहे. तिचा सर्वांत मोठा धोकाही तेथेच आहे. त्याचा विचार पुढे येईल.

१९३६ मधील शाळकरी मुले

ही पद्धत अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३६ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात सविस्तर मांडली. त्यांचे उदाहरण शेतीचे नव्हते. सातवीच्या १४० मुलांच्या चार चाचण्यांचे गुण त्यांनी घेतले : एका बाजूस वाचनाचा वेग आणि वाचनाची क्षमता, दुसऱ्या बाजूस अंकगणिताचा वेग आणि अंकगणिताची क्षमता. वाचन आणि अंकगणित यांच्यातील चार सुट्या सहसंबंधांत सर्वांत मोठा ०.२४ होता, उरलेले तीन शून्याच्या आसपास होते, त्यांतील एक तर ऋण. पहिला कॅनॉनिकल सहसंबंध मात्र ०.३९ आला आणि दुसरा केवळ ०.०७.

या ०.३९ मागील भार बोलके आहेत. वाचनाच्या वेगातून वाचन-क्षमतेचा सुमारे चार पंचमांश भाग वजा, आणि अंकगणिताच्या वेगातून अंकगणिती क्षमतेचा सुमारे दोन पंचमांश भाग वजा, असे ते होते. म्हणजे ज्या मुलाचा वाचनाचा वेग त्याच्या क्षमतेच्या मानाने पुढे होता, त्याचा अंकगणिताचा वेगही बहुधा क्षमतेच्या मानाने पुढे असे. ‘घाई’ नावाची कोणतीही चाचणी घेतलेली नव्हती. ती दोन्ही बाजूंच्या फरकांत लपलेली होती आणि दोन सावल्या जुळवल्यावर दिसू लागली. ‘आर्द्रता वजा पाऊस’ आणि ‘तुडतुडे वजा फुलकिडे’ या शेतातल्या गोष्टींशी तिचे साम्य सहज लक्षात येईल.

दिल्लीची पद्धत, गावचे भार

या विषयाचे महाराष्ट्राशी आणि दिल्लीशी दुहेरी नाते आहे. दिल्लीतील पुसा परिसरात आज असलेली भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था ज्या संख्याशास्त्रीय विभागातून वाढली, त्याच्या जडणघडणीत डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे या दोन मराठी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेल्यानंतर ती जबाबदारी पानसे यांनी सांभाळली. दोघांनी मिळून लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि कृषी पदवीधरांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. त्या पुस्तकाचे नाव महत्त्वाचे आहे. ते संख्याशास्त्रज्ञांसाठी नव्हे, कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिल्याचे नावातच नमूद आहे. आकडे गोळा करणाऱ्याला आकड्यांचा अर्थ कळला पाहिजे, हा आग्रह तेव्हापासूनचा आहे.

दुसरे नाते किडींच्या सर्वेक्षणाचे. २००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प हाती घेतला. राज्यातील कृषी विद्यापीठे आणि दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र त्यात सहभागी होते. नोंदी संगणकावर साठवण्याची व्यवस्था त्या केंद्राने उभारली. गावोगावच्या कीड सर्वेक्षकांनी पानांवर मोजलेले आकडे एका ठिकाणी, वर्षानुवर्षे साठू लागले. दोन सावल्या जुळवण्यासाठी लागणारी सामग्री अशीच असते.

परंतु येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. दिल्लीच्या परिसरात, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील जिंद आणि भिवानी या हरियाणाच्या जिल्ह्यांत कपाशी होते. तेथे पेरणी एप्रिल-मे महिन्यांत, ओलिताखाली होते. यवतमाळ किंवा परभणीची कोरडवाहू कपाशी जूनमध्ये पावसाबरोबर पेरली जाते. कॅलेंडरचा तोच आठवडा घेतला तरी दोन्हीकडे पिकाचे वय वेगळे, झाडोरा वेगळा आणि किडींची रचना वेगळी. २०१५ मध्ये पंजाब-हरियाणात पांढऱ्या माशीने जो हाहाकार माजवला, त्या हंगामातील भार विदर्भाच्या आकड्यांना लावून पूर्वानुमान करणे म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून आपल्या शेताच्या ओळी पाहणे होय. पद्धत दिल्लीहून घ्यावी. भार मात्र त्या त्या कृषी-हवामान विभागाच्या स्वतःच्या नोंदींतूनच निघाले पाहिजेत. केंद्रीय संस्थांनी एकच सूत्र सर्वत्र पाठवण्याचा मोह टाळावा आणि विभागीय केंद्रांनीही तयार सूत्राची वाट पाहू नये.

सावली फसवते तेव्हा

पुंजका ताणण्याच्या धोक्याचा उल्लेख वर आला आहे. जेथे पुंजका अरुंद असतो, तेथे खऱ्या फरकाबरोबर मोजणीच्या चुकाही ताणल्या जातात. आठवडे थोडे आणि चल अधिक असतील, तर दिव्यांना फिरायला इतक्या दिशा मिळतात की कोणत्या तरी दिशेने मेळ बसतोच. सात हवामान घटक आणि चार किडी मिळून अकरा चल होतात. आठवडेही अकराच असतील, तर पहिला कॅनॉनिकल सहसंबंध नेमका १ येतो, मग किडींच्या जागी दूरध्वनी क्रमांकांतील आकडे भरले तरीही. वीस आठवड्यांच्या एका हंगामावरून ०.९ चा सहसंबंध जाहीर करणारा अहवाल म्हणून आनंदाऐवजी शंका निर्माण करणारा ठरावा.

प्रत्येक चलामागे १० ते २० निरीक्षणे असावीत, असा आडाखा वापरला जातो. अकरा चलांसाठी ११० ते २२० आठवडे, म्हणजे वीस आठवड्यांचा हंगाम धरल्यास सुमारे सहा ते अकरा हंगाम. इतक्या नोंदी नसतील तर चल कमी करावेत. परस्परांची पुनरुक्ती करणारे घटक गाळून तीन-चारच ठेवावेत. मिळालेला मेळ योगायोगाचा आहे काय, हे पाहण्याची सोपी रीतही आहे. एका वर्षाचे हवामान मुद्दाम दुसऱ्या वर्षाच्या किडींशी जोडून तेच विश्लेषण पुन्हा करावे. चुकीच्या जोड्यांतूनही तेवढाच मोठा सहसंबंध येत असेल, तर मूळ आकड्याला अर्थ नाही. तो फक्त हंगाम पुढे सरकल्याचा परिणाम आहे. याहून कठोर कसोटी म्हणजे एक पूर्ण वर्ष बाजूला ठेवून, उरलेल्या वर्षांवरून काढलेले भार त्या वर्षाला लावून पाहणे.

आणखी दोन बाबी वाचकाने तपासाव्यात. भारांवरून थेट अर्थ लावू नये, कारण एकमेकांत गुंतलेल्या घटकांचे भार एखाद्या वर्षाच्या नोंदी बदलल्या तरी उलटसुलट होतात. प्रत्येक मूळ घटकाचा अंतिम सावलीशी किती सहसंबंध आहे, हेही सोबत पाहावे. तसेच मेळ चांगला बसला म्हणजे किडींच्या चढउताराचा मोठा भाग समजला, असे होत नाही. सावलीच्या लांबीला महत्त्व नसल्यामुळे एखाद्या किरकोळ किडीच्या लहानशा बदलाचाही हवामानाशी उत्तम मेळ बसू शकतो, आणि मुख्य किडीची वाढ तशीच अस्पष्ट राहते.

कोरी जागा आणि शून्य

या साऱ्या चर्चेचा शेवट कीड सर्वेक्षकाच्या वहीपाशी होतो. पांढऱ्या माशीचे प्रौढ सकाळी लवकर मोजावेत, कारण ऊन वाढल्यावर ते चपळ होतात आणि पान उलटताच उडतात. एका गावात सकाळी आठला आणि दुसऱ्या गावात दुपारी बाराला मोजणी झाली, तर विश्लेषणाला सापडणारा फरक किडीचा नसून घड्याळाचा असेल. पाऊस पडला म्हणून शेतात जाता आले नाही आणि वहीत शून्य लिहिले, तर ‘पावसात कीड नसते’ हा निष्कर्ष आपोआप तयार होतो. पाहणी झाली नाही याची खूण कोरी जागा आहे. पाहणी झाली आणि कीड आढळली नाही याची खूण शून्य आहे. या दोहोंची सरमिसळ कोणतेही गणित नंतर दुरुस्त करू शकत नाही. मागील आठवड्याचे आकडे थोडे फिरवून लिहिण्याचा दोषही तसाच.

फवारणी झाली असेल तर तिचा दिनांक व औषध यांची नोंद हवी, अन्यथा औषधाने घटलेली संख्या हवामानाच्या खात्यावर जमा होते. पेरणीचा दिनांक हवा, कारण पिकाचे वय वजा केल्याशिवाय हवामानाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी या मित्रकीटकांची मोजणी हवी. त्यांना किडींच्या खोलीत जागा दिल्याशिवाय तेथील चित्र अपुरे राहते. शिवाय आज पानावर दिसणारी संख्या एक-दोन आठवड्यांपूर्वीच्या हवामानाने घडवलेली असू शकते, म्हणून आधीच्या आठवड्यांचे हवामानही जोडून पाहावे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की शेतकऱ्याला आर्थिक नुकसान संकेत पातळी पुरेशी आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग किंवा दहा टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले-बोंडे, एवढे कळले की पुरे. हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागेल. फवारणीचा अंतिम निर्णय शेतातील मोजणीवरच व्हावा. कोणत्याही सहसंबंधावरून औषध मारण्याचा सल्ला देऊ नये. मात्र कोणत्या आठवड्यात, कोणत्या भागात, कोणत्या किडीसाठी मोजणी वाढवायची, हे ठरवण्यासाठी पूर्वसूचना लागते, आणि ती एकत्रित नात्यातूनच मिळते. दुसरा आक्षेप असा, की आता संगणक स्वतःच शिकतो; मग इतकी जुनी पद्धत कशाला? उत्तर सरळ आहे. ज्या पद्धतीचे चित्र कागदावर काढता येते, तिला गावातला कार्यकर्ता प्रश्न विचारू शकतो. जिचे चित्र काढता येत नाही, तिच्यापुढे त्याला मान डोलावण्याखेरीज गत्यंतर नसते.

यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. ‘आर’ या विनामूल्य संगणक प्रणालीत हे विश्लेषण एका आज्ञेत होते. त्यामुळे संशोधकांकडून चार माफक अपेक्षा ठेवता येतात. अठ्ठावीस घरांच्या तक्त्यासोबत दोन सावल्यांचा आलेख द्यावा : आडव्या रेषेवर हवामानाची सावली, उभ्या रेषेवर किडींची, आणि प्रत्येक ठिपक्याजवळ आठवड्याचा क्रमांक. किती आठवडे आणि किती चल घेतले, ते आलेखाखालीच लिहावे. बाजूला ठेवलेल्या वर्षात मेळ किती टिकला, तो आकडा द्यावा. आणि ज्यांच्या नोंदींवरून हे सारे निघाले, त्या कीड सर्वेक्षकांना तो आलेख परत दाखवावा.

चौथी अपेक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. आलेखावर एखादा ठिपका ओळीपासून दूर पडलेला दिसला, की संशोधक त्याला अपवाद म्हणतो. त्या आठवड्यात शेतात गेलेला माणूस मात्र सांगू शकतो, की त्या दिवशी कालव्याचे पाणी आले होते, किंवा शेजारच्या शेतात फवारणी झाली होती, किंवा मोजणी झालीच नव्हती. संख्याशास्त्र सावली कोठे पडली ते दाखवते. मणी तेथे का टांगला गेला, हे सर्वेक्षकाला विचारावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या हाती आधी आलेख पडला पाहिजे.